जांभ्याच्या घरातून परदेशातल्या हेरिटेज साइटवर: आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिपची तयारी

कोकणातून बी.आर्क.ला गेलेल्या अनेकांना वाटतं, की परदेशात जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम मिळवायचं तर आधी मुंबई-पुण्याच्या बड्या ऑफिसचा शिक्का हवा. तो असला तर चांगलंच. पण चुन्याच्या भिंती, लाकडी छपरं आणि कौलं दुरुस्त करणारं ऑफिस इंटर्न निवडताना दोन गोष्टी बघतं: वाकडीतिकडी जुनी वास्तू याला अचूक मोजता येते का, आणि भिंत का खराब झाली हे नीट निरखून सांगता येतं का. या दोन्ही गोष्टी शिकायला गावातलं एक जांभ्याचं घर पुरतं. म्हणून या लेखाचा मोठा भाग पडवीत आणि माजघरात जातो. पत्रं, करार, व्हिसा त्यानंतर.

वेळापत्रक

बी.आर्क. पाच वर्षांचं, दहा सत्रांचं. त्यात प्रॅक्टिकल ट्रेनिंगचं सत्र बहुतेक विद्यापीठांत चौथ्या किंवा पाचव्या वर्षी येतं. समजा तुमचं ट्रेनिंग जानेवारीत सुरू होणार आहे. मग तयारी त्याच्या सव्वा वर्ष आधीच्या गणपतीत सुरू करायची. गणपतीत चाकरमानी घरी आलेले असतात, घराचे सगळे मालक एका जागी भेटतात आणि परवानगी तेव्हाच मिळते. डिसेंबर ते फेब्रुवारी मोजणी. एप्रिल-मे महिन्यात शाकारणीच्या वेळी, म्हणजे पावसाआधी कौलं उतरवून छप्पर दुरुस्त करताना, ते उघडं पडतं, तेव्हा छपराची मापं. जूनपासून ड्रॉइंग, आणि भर पावसात एकदा घरी चक्कर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्ज, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये व्हिसा.

ज्या देशात जाणार तिथला हंगामही बघा. उत्तर युरोपात जानेवारी-फेब्रुवारीत बाहेरच्या भिंतीवर चुन्याचं काम जवळपास होत नाही, कारण साधारण ५ अंश सेल्सिअसच्या खाली चुना नीट धरत नाही आणि ओला असताना गोठला तर भुगा होतो. त्या महिन्यांत गेलात तर ऑफिसात बसून ड्रॉइंगच करावी लागतील. हातानं काम करायचं असेल तर एप्रिल ते ऑक्टोबर बरा. काठमांडूत जून ते सप्टेंबर पाऊस, झांझिबारमध्ये मार्च ते मे मोठा पाऊस, श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर. सत्राच्या तारखा बदलता येत नसतील तर देश बदला.

वास्तू निवडणं आणि परवानगी

पहिल्या कामासाठी किल्ला घेऊ नका. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे ट्रायपॉड आणि टेप घेऊन मोजणी करायची तर लेखी परवानगी लागते. यातले पहिले तीन २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी वास्तूंच्या मालिकेतून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ओढ वाटणं साहजिक आहे, पण तीन विद्यार्थ्यांनी सुटीत मोजून संपेल अशी ती वास्तू नाही. अर्धवट मोजलेल्या किल्ल्यापेक्षा पुरं मोजलेलं चार खोल्यांचं घर पोर्टफोलिओत कितीतरी वजनदार दिसतं.

घर निवडताना बघा: भिंती जांभ्याच्या, निदान एक भाग मूळ चुन्याचा किंवा मातीचा, छप्पर लाकडी, आणि घरात कोणीतरी राहतं. बंद घर मोजायला सोपं, पण त्याच्या दुरुस्तीचा इतिहास सांगायला कोणी नसतं.

कोकणात घराला टेप लावला की भावकीत कुजबुज सुरू होते. वाटणी होणार, घर विकणार, सरकारी मोजणी आली, असं काहीही पसरतं. सातबाऱ्यावर किंवा घराच्या कागदावर दहा-बारा नावं असतात आणि त्यातली आठ मुंबईत. एका काकांनी हो म्हटलं म्हणून काम सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवर फोन येऊन थांबवावं लागलं, हे नेहमीचं. त्यामुळे कॉलेजच्या लेटरहेडवर मराठीतलं पत्र घ्या. त्यात स्पष्ट लिहा: ही मोजणी अभ्यासापुरती आहे, हद्दीशी किंवा मालकीशी तिचा संबंध नाही, घराचा पत्ता आणि मालकाचं नाव छापलं जाणार नाही, ड्रॉइंगची एक प्रत घरी दिली जाईल. हे पत्र सगळ्या भावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधी जाऊ द्या.

देऊळ घेतलंत तर देवस्थानचे विश्वस्त, मानकरी आणि गुरव या तिघांशीही बोला. गाभाऱ्यात शिरू नका. गाभाऱ्याची आतली लांबी-रुंदी गुरवांनाच लेझर मीटर हातात देऊन घेता येते. तुम्ही उंबऱ्याबाहेर उभं राहून आकडा लिहायचा.

मोजणी

सामान साधं आहे. ३० मीटरचा टेप, ५ मीटरचे दोन स्टील टेप, लेझर मीटर, ओळंबा, १५ मीटर पारदर्शक नळी, लाइन दोरी, विजेरी, कागदी चिकटपट्टी, ए-३ मापाचा बोर्ड, आलेख कागद, तीन रंगांची पेनं. फोटोत ठेवायला दर १० सेंमीला काळा-पांढरा रंगवलेली १ मीटरची काठी घरीच करा. कापडी टेप वापरू नका. तो ताणला की वाढतो, ओला झाला की आक्रसतो.

माणसं तीन. एक टेपचा शून्य धरतो, दुसरा वाचतो, तिसरा लिहितो. लिहिणाऱ्यानं प्रत्येक आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. ‘दोन चौतीस’ म्हणजे २.३४ की २.०३४, हा घोळ असाच टळतो. मीटर आणि मिलिमीटरमध्येच लिहा. सुतार इंच-फुटांत सांगतील, ते शेजारी टिपून ठेवा, मधेच एकक बदलू नका.

सगळ्यात आधी पातळीची रेघ. शेणानं सारवलेली जमीन कुठेही सपाट नसते, म्हणून जमिनीपासून घेतलेली उंची फसवी असते. नळीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, माजघरातल्या एका बिंदूवर १ मीटर उंची धरा आणि तीच पातळी प्रत्येक खोलीत, पडवीत, बाहेर अंगणाकडच्या भिंतीवर न्या. खूण चिकटपट्टीच्या तुकड्यावर करा, भिंतीवर खडू किंवा पेन्सिल नको. पुढच्या सगळ्या उंच्या या रेघेपासून वर किंवा खाली मोजायच्या.

भिंतीची मापं सलग घ्या. टेपचा शून्य कोपऱ्यात धरायचा आणि दाराची कड, कोनाड्याची कड, खिडकीची कड, दुसरा कोपरा असे आकडे एकाच पट्टीवर वाचत जायचं. तुकड्यातुकड्यानं मोजलं तर चूक साठते: १२ तुकडे आणि प्रत्येकात ५ मिलिमीटर इकडेतिकडे, म्हणजे शेवटी ६ सेंमी गायब. घर जुळेना म्हणून रात्री डोकं धरून बसणाऱ्यांपैकी बहुतेकांची चूक ही असते.

प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या, अपवाद नको. खोली ३ बाय ४ मीटर असेल आणि काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ५ मीटर येतात. ५.०६ आणि ४.९४ आले, तर खोली तिरकी आहे आणि ती तशीच काढायची. कॅडमध्ये काटकोन ओढून टाकण्याचा मोह आवरा. परदेशातला आर्किटेक्ट प्लॅनवर पहिली नजर इथेच टाकतो: सगळ्या खोल्या नव्वद अंशात दिसल्या की त्याला कळतं, कर्ण घेतलेले नाहीत.

भिंतीची जाडी दारात मोजा, दोन्हीकडचा गिलावा धरून, आणि गिलावा किती जाड आहे ते जिथे तो पडलाय तिथे वेगळं मोजा. मग ताळा करा: बाहेरची लांबी ही आतल्या खोल्या अधिक भिंतींच्या जाड्या यांच्याइतकी यायला हवी. २ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर घर सोडण्याआधी परत मोजा.

जांभ्याच्या घरात उंचीचा आणखी एक ताळा फुकट मिळतो. गिलावा नसलेल्या भिंतीवर चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्याच्या घडवलेल्या दगडांचे, थर मोजा. आजचा चिरा साधारण १४ बाय ९ बाय ७ इंच असतो. जुने हातानं घडवलेले चिरे कमीजास्त असतात, म्हणून दहा थरांची उंची एकदम मोजून सरासरी काढा. थर सरासरी १८ सेंमीचा आला आणि जोत्यापासून १५ थर असले तर उंची २.७ मीटरच्या आसपास हवी. मधेच थराची उंची बदललेली दिसली, तर तिथून वरचं बांधकाम वेगळ्या काळातलं असण्याची शक्यता आहे. हे ड्रॉइंगवर जरूर दाखवा.

छप्पर मात्र शाकारणीलाच समजतं. एरवी पोटमाळ्यातून विजेरीच्या उजेडात जे अंदाजानं काढावं लागतं, ते कौलं उतरली की उघड्या आभाळाखाली समोर येतं: आढं (माथ्याची आडवी तुळई), वासे (आढ्यापासून उतरणारी तिरकी लाकडं), रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या), प्रत्येक वाशामधलं अंतर, जोड कसा मारलाय, कुठे खिळा, कुठे लाकडी खुंटी, कुठला वासा गेल्या पाच वर्षांतला. आढ्यापासून ओळंबा सोडून उंची घ्या आणि वाशांच्या टेकण्यापर्यंतचं आडवं अंतर घ्या. उतार या दोन आकड्यांवरून निघतो, कोन मोजायचं अॅप लागत नाही. कौलांवर पाय देऊ नका. शाकारणीची माणसं कुठे पाय टाकतात ते बघा आणि वाशांच्या आधारावरच चढा. एक कौल हातात घेऊन उलटं करा. मंगळोरी कौलाच्या पोटावर बहुधा कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. बासेल मिशननं मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे अनेक कारखाने निघाले. नावावरून छपराच्या काळाचा माग लागतो. छपराच्या, घराच्या नव्हे. आधी नळीची कौलं किंवा गवत असलेल्या कितीतरी घरांवर मंगळोरी कौल नंतर चढलं. एकाच छपरावर तीन कारखान्यांची कौलं मिळाली, तर ती कुठल्या भागात आहेत ते नकाशावर रंगवा; कुठला भाग कधी बदलला याची तीच नोंद.

तिघांना चार खोल्या, पडवी आणि छप्पर यांना एकूण पाच-सहा दिवस लागतात. ड्रॉइंगची प्रमाणं: प्लॅन १:५०, सेक्शन (उभा छेद) १:२०, दाराचं कोरीव काम किंवा खांबाची बैठक १:५. रोज संध्याकाळी त्या दिवसाची मापं कागदावर जुळवून बघा. घर दोन पावलांवर असतानाच चुका सापडल्या पाहिजेत.

फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल करायचं तर दोन लागोपाठच्या फोटोंत निदान ६० टक्के भाग सामाईक हवा, ८० टक्के असला तर उत्तम. ढगाळ सकाळ निवडा. उन्हाच्या कडक सावल्या मॉडेलला फसवतात. मेशरूम आणि क्लाउडकंपेअर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. पण मॉडेल केलं म्हणून टेप खुंटीला टांगू नका. मॉडेलला माप देण्यासाठी आणि त्याची चूक पकडण्यासाठी हातानं घेतलेली मापंच लागतात.

भिंत वाचणं

हा भाग नीट जमला तर मुलाखतीत बाकी सगळं सोपं जातं.

एलिव्हेशनची (भिंतीच्या समोरून काढलेल्या ड्रॉइंगची) एक प्रत घ्या आणि तिच्यावर फक्त दिसतं ते नोंदवा: ओल, लोणा (भिंतीवर फुटणारं पांढरं मीठ), शेवाळ, तडा, फुगवटा, पडलेला गिलावा, वाळवीच्या मातीच्या नळ्या, पिंपळाचं रोप. प्रत्येकाला एक खूण ठरवा आणि मर्यादा मापात दाखवा. ‘जोत्यापासून ८५ सेंमीपर्यंत ओल, वरच्या कडेला पांढरा लोणा’ ही नोंद झाली. ‘जमिनीतून ओल चढते’ हे अनुमान झालं. दोन्ही वेगळ्या रकान्यांत लिहा आणि अनुमानापुढे लिहा, खात्री कशी करणार. नवखे विद्यार्थी थेट अनुमान लिहितात, आणि मग एक चुकलं की पूर्ण तक्ता अविश्वसनीय ठरतो.

ओलीची जागा पुष्कळ सांगते. माथ्याकडून खाली ओघळ आलेत तर कौल फुटलंय किंवा दोन उतार मिळतात तिथलं पन्हळ गळतंय. तळाच्या ३०-४५ सेंमीतच भिंत खाल्ली गेली असेल, तर पागोळीचं पाणी अंगणात आपटून उडणारे शिंतोडे तपासा. त्याच्याही वर आडवा पट्टा आणि पट्ट्याच्या कडेला लोणा असेल, तर पाणी भिंतीतून चढून तिथे सुकतंय. खारं पाणी सुकताना मीठ मागे ठेवतं, म्हणून पट्टा नेहमी सुकण्याच्या रेषेवर उमटतो. समुद्राला लागून असलेल्या घरात वाऱ्यानं आलेलं मीठही यात मिसळतं. एकाच जागेचा, एकाच कोनातून, फेब्रुवारीत आणि जुलैत काढलेला फोटो शेजारी ठेवा. ही एक जोडी पानभर मजकुरापेक्षा बोलकी असते.

आता कोकणातली सर्वांत मोठी चूक: जांभ्यावर सिमेंटचा गिलावा. जांभा सच्छिद्र. पावसात पाणी घेतो आणि पुढचे आठ महिने हळूहळू सोडतो. मूळ चुन्याचा किंवा मातीचा लेप त्याच्याइतकाच श्वास घेणारा असतो, त्यामुळे वाफ बाहेर जाते. सिमेंटचा थर घट्ट आणि चिऱ्यापेक्षा कठीण. पाणी त्याच्या बारीक भेगांतून आत जातं, बाहेर यायला वाट उरत नाही. ओल वर वर चढत जाते, मीठ बाहेरच्या पृष्ठाऐवजी गिलाव्यामागे साठून स्फटिक होतं, आणि स्फटिक वाढताना चिऱ्याचं कातडं सुटतं. म्हणून असा गिलावा पडतो तेव्हा त्याच्या पाठीला लाल पोपडा चिकटलेला दिसतो. बोटाच्या पेरानं किंवा स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं गिलावा ठोकत जा. पोकळ आवाज येतो तो भाग भिंतीवर खडूनं नव्हे, ड्रॉइंगवर रंगवा. मालकांना ‘सिमेंट लावून चूक केलीत’ असं सुनावू नका. पावसाळ्याच्या तोंडावर गवंड्यानं जे सांगितलं ते त्यांनी पैसे घालून केलेलं असतं.

मलेशियातल्या जॉर्ज टाऊनची चुन्याची दुकानघरं असोत की युरोपातल्या दगडी भिंती, घट्ट सिमेंटनं अडवलेली ओल हा प्रश्न तिथेही हाच आहे. म्हणून जांभ्यावरचा तुमचा अभ्यास तिकडच्या माणसाला लगेच कळतो.

लाकडात आधी बघायची जागा म्हणजे तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक. मधला भाग ठणठणीत दिसतो आणि टोक आत कुजलेलं असतं, कारण ओलसर चिऱ्यात त्याला हवा मिळत नाही. बोथट टोचणीनं हलकेच दाबून बघा, खरवडू नका. पिंपळाचं रोप उपटायचं नाही. मुळाबरोबर चिरा हलतो. नोंद करा आणि मालकांना सांगा.

वास्तुजतनाची तत्त्वं मांडणाऱ्या दस्तऐवजांचं वाचन थोडं पण नीट असू द्या: १९६४ ची व्हेनिस सनद, ऑस्ट्रेलियाची १९७९ ची आणि पुढे सुधारलेली बुरा सनद, १९९४ चा नारा दस्तऐवज आणि भारतात वारसा-जतनाचं काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेची २००४ ची सनद. वास्तूच्या अस्सलपणावरचा नारा वाचताना शाकारणी डोळ्यासमोर आणा. दर वर्षी चार कौलं, दोन वासे बदलत गेलेलं घर शंभर वर्षांनी ‘अस्सल’ कसं, हा तिथला प्रश्न तुमच्या आजीच्या घराचा आहे. मुलाखतीत यावर स्वतःच्या घराचं उदाहरण द्या. पाठ केलेली कलमं कोणालाही नको असतात.

कुठे अर्ज करायचा

सामग्री जुळते तिथे आधी. झांझिबारच्या स्टोन टाऊनमध्ये भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आणि चुन्याच्या, छतं खारफुटीच्या बल्ल्यांची; बल्लीच्या लांबीमुळे तिथल्या खोल्या अरुंद. तुमच्या सेक्शनवर लाकडाच्या लांबीनं ठरलेली माजघराची रुंदी दाखवली असेल, तर जोडायला धागा आयताच मिळतो. श्रीलंकेचा गॉल किल्ला १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, मलेशियाचं जॉर्ज टाऊन २००८ पासून. काठमांडू खोऱ्यात २०१५ च्या भूकंपानंतर लाकूड आणि विटांच्या देवळांवर मोठं काम झालं. सुतारकाम शिकायचं असेल तर तिथे.

युरोपात लांब इंटर्नशिपआधी दोन-तीन आठवड्यांचं शिबिर हा चांगला उंबरठा आहे. फ्रान्समधली राँपार ही संघटना १९६६ पासून जुन्या वास्तूंवर स्वयंसेवकांची शिबिरं भरवते. जर्मनीतून चालणारी युरोपियन हेरिटेज व्हॉलंटिअर्स आणि युनेस्कोची वर्ल्ड हेरिटेज व्हॉलंटिअर्स ही मोहीमही आहे. तांत्रिक शाखांच्या विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करणारी आयएईएसटीई १९४८ पासून काम करते. मात्र शिबिर कॉलेजच्या ट्रेनिंगमध्ये धरलं जाईल असं गृहीत धरू नका. रोममधली इक्रोम ही संस्था मुख्यतः या क्षेत्रात आधीच काम करणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम चालवते, तिथे नंतर.

‘इंटर्नशिप लावून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. शिबिराचं जेवणखाण-राहण्याचं शुल्क ही वेगळी गोष्ट; ते संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं.

पोर्टफोलिओ आणि पत्र

पंधरा पानांच्या वर जाऊ नका, फाइल १० एमबीच्या आत ठेवा. पहिल्या पानावर १:२० चा एकच सेक्शन, मापांसकट. दुसऱ्या पानावर त्याच भागाची साइटवरची पेन्सिलची नोंद स्कॅन करून, डागांसकट. ही दोन पानं बघून समोरच्याला विश्वास बसतो की मापं तुम्हीच घेतलीत. त्यानंतर खराबीचा नकाशा, पाऊस-उन्हाळ्याची जोडी, छपराचा डिटेल. चकचकीत रेंडर एखादं पुरे.

पडवी, ओटी, माजघर, खळं हे शब्द ड्रॉइंगवर तसेच राहू द्या आणि शेजारी एक ओळीचा अर्थ द्या. पडवीला व्हरांडा लिहिलंत की तिथे धान्य वाळतं, पाहुणा टेकतो, पावसाची झड अडते हे सगळं नाहीसं होतं. ‘वास्तूचं पुनरुज्जीवन केलं’ असं लिहू नका. तुम्ही मोजणी केलीत आणि स्थितीची नोंद केलीत. तेवढंच लिहा, ते पुरेसं मोलाचं आहे. बरोबरच्या दोघांची नावंही द्या.

पत्र २०० शब्दांत. त्या ऑफिसच्या एका ठरावीक कामाचा उल्लेख, तुमच्या घराच्या कामातली त्याला जुळणारी एक गोष्ट, तारखा, आणि कॉलेजची अट काय आहे. एकच मजकूर चाळीस ठिकाणी पाठवण्यापेक्षा आठ पत्रं मन लावून लिहा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा.

कॉलेज, करार, व्हिसा

होकार आला की आधी कॉलेजची लेखी मंजुरी, मग तिकीट. मार्गदर्शक आर्किटेक्टची पात्रता काय असावी, किती आठवडे भरायला हवेत, दरमहा अहवाल कोणत्या नमुन्यात, हे ट्रेनिंगच्या समन्वयक सरांकडून किंवा मॅडमकडून कागदावर घ्या. तोंडी ‘चालेल’वर गेलेल्यांचं सत्र नंतर अडतं.

करारात तारखा, आठवड्याचे तास, कामाचं स्वरूप, मानधन, अपघात विमा कोणाचा, आणि फोटो-ड्रॉइंग पोर्टफोलिओत वापरायची मुभा हे सहा मुद्दे हवेतच.

पर्यटक व्हिसावर इंटर्नशिप करू नका, बिनपगारी असली तरी. फ्रान्समध्ये संस्था, कॉलेज आणि विद्यार्थी यांचा त्रिपक्षीय करार लागतो आणि दोन महिन्यांपेक्षा लांब इंटर्नशिपला किमान मोबदला देणं बंधनकारक आहे. अमेरिकेसाठी जे-१ व्हिसा, त्याला मान्यताप्राप्त प्रायोजक, त्यानं दिलेला पात्रतेचा अर्ज डीएस-२०१९ आणि प्रशिक्षणाचा आराखडा मांडणारा डीएस-७००२. शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस ही अल्पकालीन व्हिसाची मर्यादा, आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा. सत्रभर राहायचं तर त्या देशाचा दीर्घकालीन व्हिसा. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी दूतावासाचं पान परत वाचा.

बोटांचे ठसे द्यायला बहुधा मुंबई गाठावी लागते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं आणि दरड आली तर गाडी अडकते. सकाळच्या अपॉइंटमेंटसाठी आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. दाखल्यांवर अपोस्टील (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन) लागत असेल तर त्याआधी राज्याची साक्षांकनाची पायरी असते. पासपोर्टवर, गुणपत्रिकेवर आणि करारावर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते आत्ताच बघा; वडिलांचं नाव मधे आहे की नाही, एवढ्यावर अर्ज परत येतात.

साइटवरचे पहिले आठवडे

निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पोलादी टोकाचे बूट इथेच घेऊन महिनाभर घालून सैल करा. नवे बूट घालून पहाडावर, म्हणजे बांधकामाच्या परांचीवर, चढलं की पहिल्याच दिवशी फोड येतात. पहाडावर तपासणीची हिरवी चिठ्ठी नसेल तर चढायचं नाही, बाकीचे चढत असले तरी. शिडी उंचीच्या चौथ्या हिश्श्याइतकी भिंतीपासून लांब: ४ मीटरवर टेकली तर पाया १ मीटर बाहेर. जुना सुटलेला रंग कोरडा घासू नका; त्यात शिसं असू शकतं.

सांधे भरायचं काम बहुधा लवकर हातात येतं. जुना ठिसूळ चुना सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल, निदान २५ मिलिमीटर, छिन्नीनं काढायचा. ग्राइंडर लावला तर दगडाची कड कापली जाते आणि ती परत येत नाही. धूळ झाडून सांधा भिजवायचा. कोरडा दगड नव्या चुन्यातलं पाणी शोषून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. मिश्रण बहुतेक वेळा एक भाग चुना, तीन भाग वाळू, कारण वाळूच्या कणांमधली पोकळी साधारण एक तृतीयांश असते आणि चुन्यानं तेवढीच भरायची असते. वाळू कोकणातली खाडीची असो की तिकडची, मीठ असलेली चालत नाही. थर आत दाबत भरायचे. चुना अंगठ्याचं नख त्यावर जेमतेम उमटेल इतका आवळला की राठ ब्रशनं ठोकायचा. मग ओलं गोणपाट टांगायचं आणि काही दिवस ओलं ठेवायचं. चुना सुकून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन होतो, आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. गोणपाट उचलायची घाई केली की वर कवच आणि आत पीठ.

कळीचा चुना विझवताना नेहमी चुना पाण्यात टाका, पाणी चुन्यावर ओतू नका. तो उकळून अंगावर उडतो. गॉगल आणि हातमोजे कामभर. डोळ्यात गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्यानं निदान १५-२० मिनिटं धुवायचं आणि थेट दवाखाना. कॉन्टॅक्ट लेन्स घालून चुन्याजवळ जाऊ नका.

गवंड्यांच्या हातांकडे बघा आणि त्यांच्या भाषेतली अवजारांची नावं वहीत लिहून घ्या. ‘आमच्याकडे शिंपल्यांचा चुना भाजतात, घाण्यात मळतात’ हे मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलंत तरी गप्पा सुरू होतात.

सही-शिक्का

रोज संध्याकाळी पाच ओळी: काय केलं, किती तास, कुठली सामग्री, काय चुकलं. महिना संपला की त्याच आठवड्यात मार्गदर्शकांची सही घ्या. शेवटच्या प्रमाणपत्रात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, एकूण आठवडे, आठवड्याचे तास, मार्गदर्शकांची पात्रता आणि ऑफिसचा शिक्का हवा. त्याचा मसुदा निघायच्या पंधरा दिवस आधी स्वतः टाइप करून त्यांच्यापुढे ठेवा आणि मूळ प्रत हातात घेऊनच विमानतळ गाठा. तिथल्या सुट्ट्या सुरू झाल्या की ईमेलला महिनाभर उत्तर येत नाही, आणि कॉलेजची अहवालाची तारीख थांबत नाही.